अकरा मार्चला काय झालं?

माणूस खोटं बोलू शकतो. त्याचा केस खोटं बोलू शकत नाही. मूळशोध लॅबच्या प्रत्येक अहवालावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत छापलेलं असे. त्याच्याखाली, भिंग घेतलं तरच वाचता येईल अशा अक्षरांत, 'अहवालातील मजकुराची खातरजमा ग्राहकाने स्वतः करावी' असंही छापलेलं असे.

शर्विल आवटीनं सोनेरी अक्षरं वाचली आणि पान उलटलं. तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहात तो तापमान सांभाळायच्या कामावर होता. बाहेर जूनचा उकाडा, आत चार अंश, अंगात कंपनीचं जाकीट आणि अठ्ठावीस जूनच्या लग्नाला सोळा दिवस.

पानावर मोजून पाच ओळी होत्या. आनुवंशिक कारण: किरकोळ. आहारातील कमतरता: नाही. ताप, थायरॉइड वगैरे: नाही. मानसिक धक्का: तीव्र. धक्क्याचा दिनांक: ११ मार्च, सोमवार.

पहिली ओळ वाचून त्याला इतकं बरं वाटलं, की शेवटच्या दोन त्यानं जवळपास हसत हसत वाचल्या. त्याच्या आईचे वडील तिसाव्या वर्षी पूर्ण टकले झाले होते. शर्विल सत्तावीसचा होता आणि मे संपता संपता त्याच्या उशीवर रोज सकाळी वीस-पंचवीस केस सापडायला लागले होते. म्हणजे टक्कल पडणार नाही. नुसता धक्का आहे. धक्क्यानं गेलेले केस परत येतात.

एवढा विचार पुरा होतो न होतो तोच फोन वाजला. पलीकडे सन्मती मामा होते, म्हणजे ओवीचे मामा. ओवीचे वडील ती लहान असतानाच गेले होते, त्यामुळे लग्नाची सगळी बोलणी मामांच्या ताब्यात होती. पूर्वी ते मार्केट यार्डात गुळाचे सौदे करत. आवाज तिथलाच राहिला होता.

"जावईबापू, रिपोर्ट आला की आमच्याकडं पण."

"हो मामा, बघितला. आनुवंशिक काही नाही."

"ते राहू द्या. अकरा मार्चला काय झालं?"

शर्विलनं खूप आठवून पाहिलं. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच झालं नाही, मामा."

मग मामा म्हणाले, "आठवा. रविवारी या जयसिंगपूरला. तवर आठवतंय."

*

केसाच्या मुळाशी एक बारीक पिशवी असते. ती रक्तातून लागेल ते घेते आणि केस विणत राहते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्या तुकड्यात अडकतं. माणूस घाबरला, हादरला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं रसायन उसळतं. तेही अडकतं. धक्का फारच मोठा असेल तर मुळं काम टाकून सामुदायिक रजेवर जातात. गंमत अशी, की केस लगेच पडत नाही. तो झोपलेल्या मुळात तसाच उभा राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी, माणूस सगळं विसरून गेला की, उशीवर येऊन पडतो.

तरुण पोरांचं टक्कल बहुतेक वेळा या वाटेनं येत नाही. ते घराण्यातून येतं. पुरुषी संप्रेरकाचं डीएचटी नावाचं एक जहाल रूप असतं. ज्याच्या कपाळाच्या दोन कोपऱ्यांतल्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही, त्याची ती मुळं आकसत जातात, दरवेळी आधीपेक्षा बारीक केस धाडतात आणि शेवटी नुसती लव उरते. विसाव्या वर्षी कळलं तर औषधानं ते बरंच थोपवता येतं. तिशीत कळलं तर टोपी घेता येते. बाकी कुणाची उपासमारीची व्यायामशाळा, कुणाचं कमी लोह, कुणाची दंड फुगवायची इंजेक्शनं. कारण वेगळं, इलाज वेगळा. म्हणून कुठल्याशा शास्त्रज्ञांनी मोठ्या चांगल्या हेतूनं केशवाचक यंत्र काढलं. वीस गळालेले केस द्यायचे. यंत्र त्यांचा थर न् थर वाचून कारण सांगतं आणि धक्का असेल तर त्याची तारीखही सांगतं.

यंत्र निघालं औषधासाठी आणि वर्षभरात शिरलं लग्नाच्या बैठकीत. पत्रिकेपाठोपाठ मुलाच्या मुळांचा अहवाल मागायची पद्धत पडली. तो दोन्ही घरी एकाच वेळी जाई, म्हणजे मधे कुणी हात मारायला नको. मुलीकडच्यांना टकल्या जावयाचं वावडं होतं असं नाही. घराण्यातून आलेलं टक्कल म्हणजे कर्म. त्याला मलम असतं. धक्क्याचं तसं नव्हतं. धक्क्याला तारीख असते, तारखेला कारण असतं आणि कारणाला बहुतेक वेळा नाव-आडनाव असतं.

*

ओवी जयसिंगपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती थेट सांगलीला आली. विश्रामबागेतल्या रसाच्या दुकानात दोघं समोरासमोर बसले. रस आला, बर्फ वितळला, तरी कुणी ग्लास उचलला नाही.

"दहा मार्चला आम्ही होकार कळवला," ती म्हणाली. "रविवार होता. संध्याकाळी सहाला मामांनी फोन केला तुमच्याकडं."

"हो."

"आणि अकराला तुला तीव्र धक्का बसला."

शर्विलच्या हे आतापर्यंत लक्षातच आलं नव्हतं. शीतगृहातल्यापेक्षा जास्त गारठा त्याच्या पाठीतून उतरला.

"ओवी, तसं काही नाही. मला खूप आनंद झाला होता."

"मग तारीख?"

"मी शपथेवर सांगतो. मी त्या दिवशीची नोंदवही काढून बघितली. तापमान दिवसभर चार अंश. एकदा चार पूर्णांक दोन झालं होतं, तेवढंच. डब्यात शेवग्याची भाजी होती. तुला दुपारी 'जेवलीस का' असा मेसेज केला होता."

"मी म्हटलं होतं, 'हो'."

"मग मी अंगठा पाठवला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्गात खोटं बोलणारी चाळीस पोरं रोज बघायची सवय होती तिला. "शर्विल, दुसरी कुणी असेल तर मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण कळेल. मनाविरुद्ध हो म्हणाला असशील तर तेही सांग. पण 'काहीच झालं नाही' हे सांगू नकोस. मला मूर्ख समजल्यासारखं वाटतं ते."

ती गेली. शर्विलनं दोन्ही ग्लास संपवले, कारण दुकानदार बघत होता.

त्यानंतरचे दोन दिवस त्यानं स्वतःचीच चौकशी करण्यात घालवले. आधी वाटलं, यंत्र चुकलं असेल. मग वाटलं, इतकी माणसं, इतके शास्त्रज्ञ. आपल्यालाच आठवत नसेल. खरंच ओवी नको होती का आपल्याला? अकरा मार्चला आरशासमोर उभं राहून आपण काही बोललो होतो का? आईनं विचारलं, "लाडू कितीचे सांगायचे?" तर हा म्हणाला, "अकरा मार्चचे." आईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी त्यानं त्या दिवसाच्या फोनमधल्या सगळ्या नोंदी चाळल्या. त्यात एक सापडली. घरच्या गाडीच्या काचेवरचा, पार्किंगचे पैसे आपोआप कापणारा पट्टा त्याच्या नावावर होता. ११ मार्च, मिरज, रुग्णालयाचं वाहनतळ, सकाळी १०:४० ते दुपारी १:१५.

शर्विल तेव्हा तासगावला होता. गाडी वडिलांकडे होती.

*

सुकुमार आवटींचं पेठेत चष्म्याचं दुकान होतं. साठी आली तरी डोक्यावर गच्च केस. गिऱ्हाईक आधी त्यांच्या केसांकडे बघायचं आणि मग काचांकडे.

"पप्पा, अकरा मार्चला मिरजेला काय करत होता?"

त्यांनी हातातली काच पुसायची थांबवली नाही. "कोण म्हणालं?"

"पार्किंगची नोंद आहे."

"पार्किंग पण बोलायला लागली होय आता?" त्यांनी काच उजेडात धरून पाहिली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "इथं गाठ आहे. दाबली तर लागते, नाही दाबली तर लागत नाही. म्हणून मी दाबत नाही."

शर्विलनं स्टूल जवळ ओढलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"तुकडा काढून तपासू म्हणाले. लगेच म्हणाले. मी म्हटलं, पोराचं लग्न झाल्यावर."

"तेव्हा लग्न कुठं ठरलं होतं? आदल्या दिवशी नुसता होकार आला होता!"

"म्हणूनच की. होकार आलेल्या घरातनं दुसऱ्याच दिवशी असली बातमी बाहेर काढायची होय? आता मोडलं तर मधे चातुर्मास. दिवाळीनंतरचं कुणी बघितलंय?" हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि टाकल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू गेलं. ते पुन्हा काच पुसायला लागले.

"तीन महिने झाले, पप्पा."

"मोजता येतात मला." मग एकदम काही सुचून त्यांनी विचारलं, "लॅबला केस कुठले दिलेस?"

"फणीतले. वीसच तर हवे होते."

"कुठल्या फणीतले?"

शर्विल उत्तर द्यायला गेला आणि थांबला. आवटींच्या घरात फणी एकच होती. न्हाणीघराबाहेरच्या आरशाशेजारी खिळ्याला अडकवलेली, तेलकट. बाप-लेक दोघं तीच वापरत आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

सगळं जुळलं. तारीख, धक्का, केस. शास्त्र खरं होतं. फक्त माणूस चुकला होता.

"म्हणजे माझे केस," सुकुमार म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती. "मला वाटलं होतं, मी कुणाला काही कळू दिलं नाही."

"कळलं नव्हतंच कुणाला. मी आत्ता मामांना फोन करून सांगतो."

"अजिबात नाही!" काच टेबलावर आपटली. फुटली नाही. "अठ्ठावीसपर्यंत तोंड उघडायचं नाही. आईपाशी नाही, ओवीपाशी नाही. माझ्या गळ्याची शपथ."

शपथेला ऐन तोच गळा सापडला होता.

"आणि उद्या मामांना काय सांगू?"

"तरुण आहेस की. तुला धक्क्यांना काय तोटा? एखादा काढ."

*

रविवारी अकरा वाजता जयसिंगपूरच्या बैठकीच्या खोलीत मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टीपॉयवर ठेवलं होतं. दहा मार्चभोवती हिरवं वर्तुळ होतं, अकराभोवती लाल. कोचावर ओवीची आई, शेजारी ओवी. शर्विल एकटाच आला होता. पोहे अजून आतच होते. ते उत्तरावर अवलंबून असावेत.

"बोला," मामा म्हणाले.

शर्विलनं घसा साफ केला. त्याच क्षणी त्याला आणखी एक गळा आठवला आणि आवाज खरोखरच कापरा झाला. "एक मुलगी होती. कॉलेजात. आमचं काही नव्हतं तसं. म्हणजे माझ्याकडून होतं. अकरा मार्चला तिचं लग्न झालं."

मामा मागे टेकले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "आता कसं! हे कळण्यासारखं आहे. असतंय हो तरुणपणी. संपलं न्हवं ते?"

"संपलं."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की! आम्ही काय माणसं न्हाई? अगं, पोहे आण."

"नाव काय?" ओवीनं विचारलं.

"आता नाव कशाला बाई," मामा म्हणाले. "झालं गेलं."

"मला हवंय. नाव काय तिचं?"

नावाचा विचार शर्विलनं केलेलाच नव्हता. डोक्यात चार अंश तापमानाची पांढरी पोकळी पसरली आणि तिच्यात छतापर्यंत रचलेले खोके दिसले. "मधुरा," तो म्हणाला.

ओवी उठली. "जरा बाहेर ये."

परसात पेरूच्या झाडाखाली ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. "मधुरा बेदाणे. पाचशे ग्रॅम. साखरपुड्यात तूच दिलेली खोकी. आमच्या कपाटात अजून सहा मधुरा आहेत."

शर्विल चपलेनं माती उकरायला लागला.

"म्हणजे मुलगी नाही. आणि मी नको आहे असंही नाही. तसं असतं तर आज आयती संधी होती, निघून गेला असतास. तू स्वतःवर बालंट घेतोयस. कुणाला तरी झाकतोयस."

"मी सांगू शकत नाही."

"तुझ्या पप्पांनी शपथ घातलीय?"

तो पेरूकडे बघत राहिला. पेरू कच्चे होते.

"बरं. सांगू नकोस. मी विचारते, तू फक्त मान हलव. जे काय आहे ते अठ्ठावीसपर्यंत थांबू शकतं?"

शपथेत मान हलवण्याबद्दल काही नव्हतं. तरी त्याला वेळ लागला. हलवली तर वडिलांचा शब्द मोडला. नाही हलवली तर वडील. आत कपबश्या वाजत होत्या. त्यानं मान आडवी हलवली. एकदाच.

ओवीनं ओढणीनं डोळे पुसले आणि त्याला तिथंच ठेवून आत गेली. उघड्या दारातून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, लग्न येत्या बुधवारी करू. इथल्या जैन बस्तीत, देवासमोर. घरचीच माणसं."

"डोकं फिरलं काय तुझं? कार्यालय ठरलंय, पाचशे पत्रिका गेल्यात! कारण काय?"

"कारण नाही सांगणार."

"मग बुधवार पण न्हाई!"

"ठीक आहे." एक खण उघडल्याचा आवाज आला. "मामी म्हणत होती, तुमचेही केस फार जातात हल्ली. ही फणी तुमची ना? वीस केस आरामात निघतील. आपण तारीख काढून घेऊ. मग मामीला बोलावू आणि कॅलेंडर घेऊन बसू."

आत इतकी शांतता पसरली, की पोह्यांवर लिंबू पिळल्याचंही ऐकू आलं असतं.

"बुधवार तसा वाईट न्हाई," मामा म्हणाले.

*

बुधवारी, एकोणीस जूनला, बस्तीत चाळीस माणसांत लग्न लागलं. नातेवाईक कुजबुजले, घाईच्या लग्नाला लोक जे कारण लावतात तेच त्यांनी लावलं आणि ओवीनं ते लावू दिलं. अक्षता पडल्यावर पाया पडायला वाकलेल्या सुनेनं सुकुमार आवटींना हळूच विचारलं, "पप्पा, लग्न तर झालं. आता कुठं जायचंय तुम्हाला? मी गाडी काढायला सांगितलीय."

त्यांनी शर्विलकडे पाहिलं. शर्विलनं तोंड उघडलं नव्हतं. त्यानं तसं हातानंच दाखवलं. सासऱ्यांचा हात नकळत गळ्याशी गेला आणि काय आहे ते ओवीला तेव्हा कळलं. शर्विलच्या आईला गाडीत बसल्यावर कळलं. मिरजेपर्यंतचा रस्ता तिनं नवऱ्याशी एक शब्द न बोलता काढला, हात मात्र सोडला नाही.

तुकडा त्याच संध्याकाळी काढला. उत्तर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत त्या घरात कुणी भांडलं नाही, कुणी हसलं नाही आणि एकमेकांच्या नजरा चुकवत सगळ्यांनी लग्नाचे उरलेले लाडू संपवले. सातव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ थायरॉइडची आहे, साधी आहे, पण वाढत चालली आहे. महिनाभरात काढून टाकू. काढली.

सुकुमार आवटी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गळ्यावरची शिवण दाखवून सांगायला लागले, की त्यांना फणीनं वाचवलं. ऐकून पेठेतल्या सात-आठ जणांनी लॅबमध्ये नाव नोंदवलं. शर्विलला आता यंत्राचा राग येत नव्हता. त्यानं ओवीला तसं बोलूनही दाखवलं: चुकीच्या माणसाला धरलं, पण तारीख अचूक सांगितली. ओवी म्हणाली, तारखेबद्दल तिलाही काही म्हणायचं नाही.

ऑगस्टच्या शेवटी मूळशोध लॅबचं एक परिपत्रक सगळ्या ग्राहकांना आलं. त्यात सोनेरी अक्षरं नव्हती. लिहिलं होतं, की जिल्ह्यातल्या एकशे चार अहवालांवर ११ मार्च ही एकच तारीख छापली गेल्याचं आढळलं आहे. पैकी सत्त्याण्णव कुटुंबांनी त्या दिवशीचं कारण सापडल्याचं यापूर्वीच कळवलं आहे. खोबरेल तेल लागलेल्या केसावरची तारीख यंत्राला वाचता येत नाही आणि अशा वेळी ते स्वतःच्या बसवणीची तारीख छापतं. लॅबचं मिरजेतलं यंत्र ११ मार्चला बसवलं होतं.